दाबाचा अंदाज

१९६२ मध्ये सुहास पाटणकर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले. तीन वर्षांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर इंजिनिअर झाले. भटकर आणि ‘परम’ महासंगणक ही जोडी विदर्भात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पाटणकरांचे नाव मात्र मेकॅनिकल आणि केमिकल शाखांच्या वर्गांबाहेर क्वचितच ऐकू येते. संगणकाने प्रवाहाचे गणित करून जहाजाला पाणी किती अडवेल हे सांगण्याची विद्या कशी उभी राहिली, हा इतिहास सांगताना या दोन नावांच्या प्रसिद्धीतली तफावत आड येते. आपल्याकडे तो सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: संगणक मोठे झाले, वेगवान झाले आणि म्हणून पाण्याचे गणित सुटले. माझे म्हणणे असे की यंत्राचा क्रमांक यात तिसरा लागतो. पहिला मान दाबाचे कोडे सोडवणाऱ्या रीतीचा आणि दुसरा पाण्याच्या टाक्यांत मोजून सर्वांसाठी खुल्या केलेल्या आकड्यांचा. समुद्रापासून पाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या नागपुरात बसून हे म्हणायला एक कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी मूळ प्रश्न पाहू. जहाज बांधण्याआधीच त्याला अमुक वेगाने ढकलायला किती ताकद लागेल हे कळले पाहिजे, कारण इंजिन आधी मागवावे लागते. लाकडी जहाजांच्या काळात हा प्रश्न इतका टोकदार नव्हता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या वस्तादांनी मलबारी सागवानात बांधलेली जहाजे अनुभवाच्या डोळ्याने आकाराला आली. त्यांपैकी १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या बंदरात आजही तरंगत आहे. पण शीड वाऱ्यावर चालते आणि वारा फुकट असतो. बॉयलर आला, कोळशाचा खर्च आला आणि हिशेब सुरू झाला. हा हिशेब पहिल्यांदा रुळावर आणला तो विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने. १८७२ च्या सुमारास टॉर्की गावात, आपल्या घराशेजारी, ब्रिटिश नौदलाच्या पैशांतून त्याने लांबलचक टाकी बांधली आणि मेणाच्या प्रतिकृती तिच्यातून ओढून त्यांना लागणारे बळ मोजले. त्याआधी १८७१ मध्ये ‘ग्रेहाउंड’ नावाचे खरे जहाज दुसऱ्या जहाजाला बांधून समुद्रात ओढले होते. प्रतिकृतीवरून काढलेला अंदाज त्या मोजमापाशी जुळला आणि ओढटाकीचा धंदा जगभर पसरला.

फ्रूडची हुशारी टाकीपेक्षा त्याने केलेल्या वाटणीत होती. जहाज पाण्यात दोन प्रकारे ताकद गमावते. एक, अंगाला घासणाऱ्या पाण्याच्या चिकटपणामुळे. दोन, लाटा उठवण्यात. लाटांचा नियम वेगळा आणि घर्षणाचा वेगळा. शंभर मीटरच्या जहाजाची पंचवीस पट लहान, चार मीटरची प्रतिकृती केली, तर लाटा जुळाव्यात म्हणून ती खऱ्या वेगाच्या एक पंचमांश वेगाने ओढावी लागते. पण मग घर्षणाचे माप ठरवणारा रेनॉल्ड्स अंक तब्बल १२५ पट खाली येतो. दोन्ही नियम एकाच प्रतिकृतीत पाळता येत नाहीत. पाणी बदलल्याशिवाय ते शक्यच नाही. म्हणून फ्रूडने घर्षणाचा वाटा सपाट फळ्यांवर वेगळा मोजला, एकूण बळातून वजा केला, उरलेला भाग जहाजाच्या आकारमानाने वाढवला आणि त्यात खऱ्या जहाजाचे घर्षण पुन्हा मिळवले. ही तडजोड होती आणि ती तडजोड आहे हे सगळ्यांना माहीत होते. १९५७ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ओढटाक्यांच्या संस्थांनी घर्षणाच्या एका सूत्रावर सहमती केली. ते सूत्र आजही वापरात आहे, पण तेही व्यवहारापुरते ठरवलेले. खऱ्या जहाजाचा रोध थेट मोजायचा तर पाण्यात पंखा फिरता कामा नये, कारण पंखा मागच्या टोकाकडचा प्रवाहच बदलून टाकतो. म्हणून १९५० च्या सुमारास ब्रिटिशांनी ‘लुसी ॲश्टन’ नावाची जुनी चाकांची आगबोट घेतली, तिची चाके काढली, वर विमानाची चार जेट इंजिने बसवली आणि क्लाइड नदीच्या मुखात ती पळवली. जेटचा रेटा मोजता येत होता, म्हणून पाण्याचा रोधही कळला. असे प्रयोग किती महाग आणि किती विरळ, हे सांगायला नको.

आपल्या नौदलाच्या इतिहासात हा हिशेब कसा कामी आला याचे चांगले उदाहरण मुंबईत आहे. माझगाव डॉकने १९७२ मध्ये नौदलाला ‘नीलगिरी’ ही युद्धनौका दिली, ती ब्रिटिश लिअँडर नमुन्यावर. लांबी सुमारे ११३ मीटर, पूर्ण भारासह वजन २,९६० टनांच्या आसपास, वाफेची दोन टर्बाइन मिळून तीस हजार अश्वशक्ती आणि वेग २८ नॉट. पुढची ‘गोदावरी’ नौदलाच्या स्वतःच्या संकल्पन विभागाने आखली. तिच्यावर रशियन क्षेपणास्त्रे हवी होती आणि दोन सी किंग हेलिकॉप्टर हवी होती, त्यामुळे ती १२६ मीटर लांब आणि ३,८५० टनांची झाली. वजन तीस टक्के वाढले, इंजिनाची ताकद तीच राहिली. ऐकणाऱ्याला वाटेल की वेग निदान चार-पाच नॉटांनी बसला असेल. १० डिसेंबर १९८३ ला नौदलात दाखल झालेल्या या जहाजाचा नोंदलेला वेग २७ नॉट आहे. एकच नॉट गेला. कारण लाटांत आहे. जहाजाबरोबर धावणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. २८ नॉटला ती सुमारे १३३ मीटर होते, म्हणजे ‘नीलगिरी’पेक्षा लांब, जहाजाचा मागचा भाग लाटेच्या खळग्यात जातो आणि जहाज स्वतःच उठवलेल्या चढावर चढत राहते. २७ नॉटला लाट १२४ मीटरची, म्हणजे जवळपास ‘गोदावरी’एवढीच. लांबी वाढल्याने पाण्याला लागणारे अंग वाढले आणि घर्षण वाढले, पण लाटांचा खर्च आटोक्यात राहिला. हा सौदा फायद्याचा ठरेल हे आधी सांगणे म्हणजे फ्रूडची विद्या. तिच्यात एक उणीव होती. जहाजाचा आकार जुन्या, मोजलेल्या आकारांच्या कुटुंबातला असेल तोवर अनुभव साथ देतो. अंगाचा बाक कुठे थोडा भरावा, पाण्याखालच्या पुढच्या टोकाला गोळा द्यावा की नाही, मागचा भाग किती बारीक करावा, या प्रश्नांवर टाकी एकच आकडा देते: एकूण बळ. ते बळ जहाजाच्या अंगाच्या कोणत्या भागातून आले हे ती आपण होऊन सांगत नाही.

कागदावरचे गणित हे सांगू शकले असते आणि ते फार लवकर मांडलेही गेले होते. मेलबर्नच्या जॉन हेन्री मिशेल या गणितज्ञाने १८९८ मध्ये पातळ जहाजाच्या लाटरोधाचे सूत्र प्रसिद्ध केले. जहाजाचा आकार त्यात घाला आणि बळ काढा, इतके स्पष्ट. पुढे कित्येक वर्षे त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. हाताने त्यातला समाकल सोडवणे जिकिरीचे होते, हे एक कारण. पण नंतर ते सूत्र टाकीतल्या मोजमापांशेजारी ठेवले गेले तेव्हा दुसरे कारण दिसले: वेगाबरोबर रोधात जे चढउतार होतात ते मिशेलचे सूत्र फुगवून दाखवते, कारण त्याच्या पाण्याला चिकटपणाच नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डग्लस विमान कंपनीत हेस आणि स्मिथ यांनी पृष्ठभागाचे छोटे तुकडे पाडून अशा निर्चिकट प्रवाहाचे गणित संगणकावर चालवले, १९७७ मध्ये डॉसनने त्यात लाटांची भर घातली आणि जहाजांच्या आराखड्याला त्याचा मोठा उपयोग झाला. तरी मागच्या टोकाशी, जिथे घासून थकलेले पाणी अंगापासून सुटते आणि भोवरे होतात, तिथे ही पद्धत हात टेकते. तिथे पाण्याचा चिकटपणा धरणाऱ्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांना पर्याय नाही.

ही समीकरणे एकोणिसाव्या शतकातली आहेत, तेव्हा ती माहीत नव्हती असे नाही. अडचण दाबाची होती. हवा दाबली की तिची घनता बदलते, आणि घनतेवरून दाब काढता येतो. पाणी जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे वेगाच्या तीन दिशांसाठी तीन समीकरणे मिळतात, पण दाबासाठी स्वतंत्र समीकरण मिळत नाही. उरते ती एक अट: कुठल्याही कप्प्यात जितके पाणी येते तितकेच बाहेर गेले पाहिजे. दाब असा हवा की ही अट सगळीकडे एकदम पाळली जावी. लॉस अलामॉसमध्ये हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ मध्ये यावर एक मार्ग काढला होता. वेग आणि दाब एकाच ठिकाणी न ठेवता कप्प्यांच्या जाळीवर अर्ध्या कप्प्याच्या अंतराने ठेवायचे, ही त्यांची कल्पना पुढे सगळ्यांनी घेतली. पण त्यांची रीत काळाबरोबर एकेक पाऊल टाकत जाणारी होती, आणि कारखान्यातल्या इंजिनिअरला हवे असते ते बहुधा स्थिर झालेल्या प्रवाहाचे उत्तर.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग यांच्या गटात हे काम पुढे गेले. आयआयटी मुंबईतून १९६४ मध्ये एम.टेक. करून पाटणकर तिथे पोहोचले आणि १९६७ मध्ये डॉक्टरेट झाले. १९७२ मध्ये पाटणकर आणि स्पॉल्डिंग यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यातली रीत ‘सिम्पल’ या आद्याक्षरांच्या नावाने जगाला माहीत झाली. तिचे तत्त्व ओलिताच्या वाफ्यांवर उभ्या शेतकऱ्याला लगेच पटेल. आधी दाब अंदाजाने धरा. त्या दाबावर वेग काढा. मग प्रत्येक वाफ्यात किती पाणी आले आणि किती गेले ते पाहा. जिथे तुंबले तिथे दाब थोडा वाढवा म्हणजे पाणी शेजारी सरकेल, जिथे कमी पडले तिथे उतरवा. नव्या दाबावर वेग पुन्हा काढा आणि तफावत मिटेपर्यंत फेऱ्या मारा. यात एक जुगाड आहे आणि पाटणकरांनी तो लपवला नाही: शेजारच्या कप्प्यांच्या दुरुस्तीचा परिणाम गाळून टाकलेला असतो, त्यामुळे पूर्ण दुरुस्ती एकदम लावली तर गणित उधळते. म्हणून दुरुस्तीचा काही भागच घ्यायचा. १९८० च्या त्यांच्या पुस्तकात वेगासाठी ०.५ आणि दाबासाठी ०.८ असे गुणक सुचवले आहेत. शुद्ध गणितज्ञाला हे ओबडधोबड वाटेल. पण शेवटी दुरुस्ती शून्यावर येते, तेव्हा गाळलेला भागही शून्य होतो, आणि उत्तरात त्या जुगाडाचा मागमूस राहत नाही. या रीतीचे सौंदर्य मला याच ठिकाणी दिसते. दोनशे पानांच्या आतले ते पुस्तक अतिशय स्वच्छ इंग्रजीत आहे, आणि भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. तोवर पाटणकर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात स्थिरावले होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पाटणकरांनी जहाजे हाताळली नाहीत. त्यांचे विषय उष्णता, भट्ट्या, नळ्या, थंड करायची यंत्रे. जहाजाचे श्रेय त्यांना कसे द्यायचे? शिवाय जहाजाच्या वक्र अंगाला चौकोनी जाळी बसत नाही. वाकड्यातिकड्या जाळीवर वेग आणि दाब एकाच ठिकाणी ठेवूनही गणित स्थिर कसे राखायचे हे ऱ्ही आणि चाऊ यांनी १९८३ मध्ये दाखवले. पाण्याचा मोकळा पृष्ठभाग, म्हणजे खुद्द लाट, जाळीत कशी पकडायची हे हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ मध्ये सांगितले: प्रत्येक कप्पा किती भरला आहे हा अंश घेऊन पुढे चला. बदलत्या प्रवाहासाठी इसा यांनी इंपीरियलमध्येच १९८६ मध्ये दुसरी रीत दिली. हे सगळे खरे आहे, आणि एका माणसाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याची मला हौस नाही. पण ऱ्ही आणि चाऊ यांची जाळी, इसा यांची रीत, या साऱ्यांत दाबाचा अंदाज आणि दुरुस्ती हाच कणा आहे. इंपीरियलच्याच परंपरेतून आलेला आणि २००४ मध्ये सर्वांना मोफत खुला झालेला ‘ओपनफोम’ हा प्रोग्रॅम उघडला तर स्थिर प्रवाहाच्या मुख्य साधनाचे नावच ‘सिम्पलफोम’ आहे. भट्टीसाठी घडवलेले अवजार जहाजाला लागू पडले, कारण कोडे भट्टीचे किंवा जहाजाचे नव्हतेच; न दबणाऱ्या द्रवाच्या दाबाचे होते.

दुसरा आक्षेप यंत्राचा. उत्तम रीत हातात असली तरी लाखो कप्प्यांवर हजारो फेऱ्या कोण मारणार? ऐंशीच्या दशकात भारताला हा प्रश्न बोचत होता. अमेरिकेकडून क्रे महासंगणक मागितला तेव्हा शक्तिशाली यंत्र नाकारले गेले. त्याऐवजी हवामानाच्या अंदाजापुरते वापरायच्या अटीवर क्रे एक्स-एमपी दिल्लीत आले. १९८८ मध्ये पुण्यात महासंगणक घडवण्यासाठी सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, भटकर तिचे प्रमुख झाले आणि सुमारे तीस कोटी रुपये व तीन वर्षे अशा बेताने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून बनवलेले ते यंत्र सेकंदाला अब्जभर आकडेमोडी करू शकत होते. प्रवाहाचे गणित हे अशा यंत्राच्या ठरवलेल्या कामांपैकी एक होते, आणि ते त्याला साजेसेही आहे: पाणी तुकड्यांत वाटा, प्रत्येक तुकडा एका प्रोसेसरला द्या, कडांवरचे आकडे शेजाऱ्यांना कळवा. भटकरांचे हे काम छोटे करण्याचा हेतू नाही. नाकारलेली वस्तू घरी करून दाखवण्यात जी हिंमत लागते ती लागलीच. पुढे २००७ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या ‘एका’ या महासंगणकाने जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा क्रमांक पटकावला तेव्हा त्या हिमतीचा धागा दिसत होता.

तरीही यंत्राच्या वेगाने जहाजाचे गणित सुटले असे म्हणायला पुरावा आडवा येतो, आणि तो पुरावा स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कार्यशाळांत आहे. लार्स लार्सन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये तिथे जगभरच्या गटांना ठरवून दिलेल्या जहाजांचे गणित करायला लावले आणि उत्तरे टाकीतल्या मोजमापांशेजारी मांडली. त्या वेळच्या सीमास्तराच्या, म्हणजे अंगालगतच्या पातळ थराच्या, पद्धती जहाजाच्या बहुतेक अंगावर ठीक चालल्या आणि मागच्या टोकाशी फसल्या. १९९० मध्ये पुन्हा परीक्षा झाली. दहा वर्षांत यंत्रे कितीतरी पुढे गेली होती आणि आता पूर्ण समीकरणे सोडवणारे प्रोग्रॅम आले होते. तरी टँकरच्या मागे, जिथे पंखा बसतो, तिथल्या प्रवाहाचे चित्र चुकले. मोजमापात वेगाच्या रेषांना हुकासारखा बाक होता, तळाच्या कडेवरून सुटलेल्या भोवऱ्याची ती खूण. गणितात रेषा गुळगुळीत आल्या. कप्पे वाढवूनही बाक येईना. खोट होती ती पाण्याची खळबळ मांडणाऱ्या गृहीतकांत. भोवऱ्याच्या गाभ्यात ती गृहीतके खळबळ नको इतकी वाढवत होती आणि भोवरा विझवून टाकत होती. ही गृहीतके बदलली तेव्हा बाक दिसू लागला. नुसत्या यंत्रबळावर खळबळीचा प्रत्येक भोवरा मोजू म्हटले तर जहाजाच्या मापाला ढोबळमानाने एकावर वीस शून्ये इतके कप्पे लागतील. तसे यंत्र आजही कुणाकडे नाही. जी सुधारणा झाली ती चूक नेमकी कुठे आहे हे दिसल्यामुळे, आणि चूक दिसली ती कुणीतरी टाकीत मागच्या टोकाचा प्रवाह ठिपक्याठिपक्याने मोजून ठेवला होता म्हणून.

या मोजमापांची एक गंमत आहे. जगात सर्वाधिक वेळा संगणकावर चालवलेल्या जहाजांपैकी एक कधी बांधलेच गेले नाही. दक्षिण कोरियातल्या संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात २३० मीटर लांबीच्या कंटेनर जहाजाचा आराखडा खास याच कामासाठी केला. त्याची सात मीटरांहून थोडी मोठी प्रतिकृती ओढून रोध, लाटा, मागचा प्रवाह सगळे मोजले आणि आकडे प्रसिद्ध केले. ‘केसीएस’ नावाचे हे जहाज समुद्रात कधी तरंगले नाही, पण गणित करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा रोध तोंडपाठ आहे. अशाच खुल्या आकड्यांवर पुढच्या कार्यशाळा झाल्या. रोधाच्या उत्तरांचे विखुरणे २००५ मध्ये पावणेपाच टक्क्यांच्या जवळ होते, २०१० मध्ये गोथेनबर्गला तीसहून जास्त गटांच्या उत्तरांत ते दोन टक्क्यांच्या आसपास आले, आणि सरासरी चूक जवळजवळ शून्य. नागपूरचे कारण इथे येते. ड्युइसबर्ग-एसेन विद्यापीठाने असेच एक कंटेनर जहाज आखून खुले केले आहे आणि ते ‘ओपनफोम’बरोबर तयार धडा म्हणून मिळते. व्हीएनआयटीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला ते चालवायला समुद्र लागत नाही, पाचशे मीटरची टाकी लागत नाही आणि महासंगणकही लागत नाही. १९९१ च्या परमपेक्षा आजचे घरगुती यंत्र कितीतरी बलवान आहे. यंत्र स्वस्त झाले हे मान्य. पण १९७२ ची रीत आणि इतरांनी मोजलेले आकडे नसते, तर त्या स्वस्त यंत्रावर तो विद्यार्थी रंगीत चित्रे काढत बसला असता, आणि ती खरी की खोटी हे कळायला मार्ग नसता.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे आणि तो माझ्याच बाजूवर उलटतो. उत्तर आधीच छापलेले असेल तर दोन टक्क्यांत येणे काय मोठेसे? जाळी थोडी बदला, खळबळीचे गृहीतक थोडे फिरवा, उत्तर हवे तिथे आणा. मनुष्यस्वभाव पाहता ही शंका गैर नाही. तिला कार्यशाळांनी एक उत्तर दिले. जाळी पायरीपायरीने बारीक करत जाऊन उत्तर किती हलते ते दाखवा आणि अनिश्चिततेचा आकडा सोबत द्या, असा आग्रह त्यांनी धरला. जुगाड करून आणलेले उत्तर अशा वेळी सहसा उघडे पडते. पण पुरे समाधान यानेही होत नाही, कारण हे सारे प्रतिकृतीच्या मापावर. खऱ्या जहाजाचा रेनॉल्ड्स अंक शंभर-दीडशे पटींनी मोठा, अंगावर रंग, वेल्डिंगच्या शिवणी, शेवाळ. म्हणून २०१६ मध्ये लॉइड्स रजिस्टर या जहाजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेने साउथॅम्प्टनला एक वेगळी परीक्षा ठेवली. ‘रीगल’ नावाच्या खऱ्या मालवाहू जहाजाची चाचणी समुद्रात झाली होती, अंगाचा आकार मोजून दिला होता, आणि चाचणीचे निकाल झाकून ठेवले होते. अनेक देशांतल्या गटांनी आपापले अंदाज पाठवले. काहींचे आकडे मोजलेल्या शक्तीच्या जवळ पडले, काहींचे बरेच लांब गेले. प्रोग्रॅम बहुधा तेच, समीकरणे तीच. फरक पडला तो जाळी, पंख्याची मांडणी आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा कसा धरला यांत, म्हणजे गणित करणाऱ्याच्या हातात.

त्यामुळे ओढटाक्या बंद पडलेल्या नाहीत. विशाखापट्टणमला नौदलासाठी काम करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पाचशे मीटरच्या टाकीतून आजही प्रतिकृती ओढल्या जातात, खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटींतही टाक्या आहेत. कामाची वाटणी मात्र बदलली. पूर्वी संकल्पक चार-सहा प्रतिकृती करून त्यांतली बरी निवडत असे. आता तो शेकडो आकार गणितात तपासतो, प्रत्येकाचा दाब अंगभर कसा पसरला ते पाहतो, रोध कुठून येतो ते शोधून तेवढाच बाक बदलतो आणि शेवटचे एक-दोन आकार टाकीत पाठवतो. वेगाची हमी देणारा करार होतो तेव्हा गोदी अजूनही टाकीचा अहवाल आणि समुद्रातली चाचणी पुढे ठेवते. गणिताचा आकडा त्या कागदांच्या खाली, आराखड्याच्या फायलीत राहतो.